मागची डिस्क : गिऱ्हाइकाची हौस आणि मिस्त्रीची जबाबदारी

मोटारीच्या मागच्या चाकांचे ड्रम काढून तेथे डिस्क ब्रेक बसवून द्या, अशी मागणी घेऊन येणारे गिऱ्हाईक ब्रेकचे काम करणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंना नवे नाही. गाडी जोरदार इंजिनाची असते, मालक तरुण असतो, पैसा खर्च करण्याची तयारी असते. चारही चाकांना डिस्क असली की गाडी जागच्या जागी उभी राहील, अशी त्याची समजूत असते. मागच्या रुंद अलॉय व्हीलमधून चमकणारी डिस्क दिसावी, ही हौस वेगळीच. अशा वेळी मिस्त्रीने काय करावे? काम हातचे जाऊ नये म्हणून होकार द्यावा, की नाही म्हणावे?

हा प्रश्न एका गॅरेजापुरता नाही. ब्रेकच्या कामावर आणि सुट्या भागांच्या व्यापारावर आपल्या अनेक घरांची रोजी चालते. नागपूर हे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम राष्ट्रीय महामार्गांच्या छेदावरचे शहर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण रस्ता खुला झाला. या रस्त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. शहरात ताशी चाळीसने फिरणारी गाडी आता तासन् तास त्या वेगाने धावते. म्हणून ब्रेकबद्दल गिऱ्हाईक जागरूक झाले, हे चांगलेच आहे. मात्र ही जागरूकता योग्य कामाकडे वळविणे हे कारागिराचे काम आहे.

आमचे मत प्रथमच स्पष्ट सांगतो. बहुतेक गाड्यांत मागच्या डिस्कची गरज नसते. गरज असते ती आहे तो ब्रेक पूर्ण ताकदीने चालू करण्याची. आणि जेथे डिस्क बसवायचीच असेल, तेथे अर्धे काम करण्यापेक्षा काम न घेणे बरे.

वजन पुढे जाते

याचे कारण साध्या हिशेबात आहे. समजा गाडीचे वजन माणसांसह १००० किलो आहे. उभ्या गाडीत त्यापैकी ६०० किलो पुढच्या चाकांवर आणि ४०० किलो मागच्या चाकांवर आहे. दोन्ही धुऱ्यांमधील अंतर २.४ मीटर आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच धरू. चालकाने जोराने ब्रेक दाबला की गाडीचे नाक खाली जाते, हे सर्वांनी पाहिलेले आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर कडक ब्रेक लागला, तर या गाडीचा सुमारे १६५ किलो भार मागून पुढे सरकतो. म्हणजे पुढे ७६५ आणि मागे अवघे २३५ किलो उरतात.

याचा अर्थ असा की ज्या क्षणी ब्रेकची सर्वांत जास्त गरज असते, त्याच क्षणी मागच्या चाकांवर एकूण भाराचा चौथा हिस्साही नसतो. टायर रस्त्याला जेवढा दाबला जातो, तेवढाच ब्रेक त्याला पेलतो. मागे कितीही मोठी डिस्क बसवा, २३५ किलो भाराखालचा टायर त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त ब्रेक घेऊ शकत नाही. ऐपतीपेक्षा जास्त दिला की चाक जाम होते.

पुढचे चाक जाम झाले तर गाडी सरळ घसरत जाते. स्टिअरिंग लागत नाही, पण तोंड पुढेच राहते. मागचे चाक आधी जाम झाले तर गाडीची शेपटी बाजूला येते आणि गाडी गरकन फिरते. ताशी १०० किलोमीटरवर फिरलेली गाडी सामान्य चालकाला सावरता येत नाही. म्हणूनच गाडी बनविणारे कारखाने मुद्दाम मागचा ब्रेक पुढच्यापेक्षा हलका ठेवतात. अनेक गाड्यांत मागच्या लाइनवर दाब मर्यादित करणारा व्हॉल्व्ह असतो, तो याचसाठी. मागचा ब्रेक कमी धरतो म्हणून तो व्हॉल्व्ह काढून टाकणे, ही सुधारणा नव्हे. तो गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळ आहे.

ड्रम म्हणजे कमी दर्जा नव्हे

डिस्क नवी व चांगली आणि ड्रम जुना व वाईट, अशी एक ठाम समजूत बाजारात आहे. डिस्कचे गुण आम्हांला मान्य आहेत. ती उघडी असल्याने वाऱ्याने लवकर थंड होते, पाण्यातून गेल्यावर लवकर सुकते, पॅड किती उरला हे चटकन दिसते. ड्रम तापला की त्याचा व्यास वाढतो, शूला जास्त अंतर जावे लागते आणि पेडल खोल जाते. घाट उतरताना किंवा शर्यतीच्या मैदानावर पुन्हापुन्हा कडक ब्रेक लागतात, तेथे डिस्कचा फायदा खरा आहे.

पण ड्रमचेही गुण आहेत. फिरणारा ड्रम पुढच्या शूला आपल्यासोबत ओढतो आणि शू आपोआप अधिक घट्ट बसतो. त्यामुळे लहान व्हील सिलिंडरनेही काम भागते. हँडब्रेक ड्रममध्ये साधा आणि खात्रीचा असतो. २००० साली आलेली सुमारे १०६ अश्वशक्तीची होंडा सिटी व्हीटेक ही त्या काळातील वेगाच्या शौकिनांची लाडकी गाडी होती. तिला मागे ड्रमच होते. २०१३ मध्ये आलेल्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयलाही मागे ड्रमच होते. एवढेच नव्हे, फोक्सवॅगनने आपल्या आयडी-३ व आयडी-४ या आधुनिक विजेवरच्या गाड्यांना मागे पुन्हा ड्रम दिले. विजेच्या गाडीत वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करते, ब्रेक कमी वापरला जातो आणि बंद ड्रम गंजापासून सुरक्षित राहतो, असा त्यामागचा विचार आहे. जगातील मोठा कारखाना एकविसाव्या शतकात ड्रम निवडतो, त्या अर्थी ड्रम असणे हा काही गाडीचा दोष नाही.

याउलट कारखान्यानेच मागे डिस्क दिल्याची उदाहरणेही आपल्याकडे आहेत. २०१५ मध्ये आलेल्या १४५ अश्वशक्तीच्या फियाट अबार्थ पुंटोला चारही डिस्क होत्या. २०१७ मध्ये मारुतीने बलेनो आरएस काढली, तिलाही मागे डिस्क होत्या. साध्या बलेनोला मात्र मागे ड्रम होते. ही गाडी आता नवी मिळत नाही. तिचे मागचे भाग मिळवून आपल्या साध्या बलेनोला किंवा स्विफ्टला बसवावेत, असे एखाद्या हौशी मालकाला वाटणे स्वाभाविक आहे. पण कारखाना डिस्क देतो तेव्हा ती एकटी देत नाही. दाबाचा हिशेब, एबीएस आणि हँडब्रेक हे सर्व तिच्याशी जुळवून देतो. आपण फक्त डिस्क आणि कॅलिपर उचलून आणले, तर बाकीचा हिशेब मागेच राहतो.

एक भाग बदलला की सहा बदलतात

हा हिशेब कोणता, ते पाहू. मागच्या व्हील सिलिंडरचा व्यास १७.५ मिलिमीटर आणि नव्या कॅलिपरच्या पिस्टनचा ३४ मिलिमीटर धरला, तर क्षेत्रफळ जवळजवळ पावणेचार पट होते. म्हणजे तेवढ्याच दाबाला बळ वेगळे आणि लागणाऱ्या तेलाचे मापही वेगळे. जुना मास्टर सिलिंडर त्याला पुरेल की नाही, हे मोजून पाहावे लागते. अंदाजाने चालत नाही. काही जुन्या गाड्यांत ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतात, डिस्क तापते आणि गाडी ओढत नाही अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक परत येते.

हँडब्रेकचे काय? ड्रम काढला की हँडब्रेकही गेला. नव्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा असली पाहिजे आणि तिला योग्य लांबीची केबल हवी. हँडब्रेक नसलेली गाडी रस्त्यावर आणणे हा सरळसरळ गुन्हा आहे. हब आणि बेअरिंगचे माप बदलले तर चाक बाहेर येते आणि टायर मडगार्डला घासतो. तेरा इंची रिममध्ये कॅलिपर मावेलच असे नाही. कॅलिपर धरणारी पट्टी लेथवर किंवा गॅस कटरने बनवून वेल्डिंग केली असेल, तर ब्रेकचा सगळा जोर त्या एका वेल्डिंगवर येतो.

सर्वांत महत्त्वाचे एबीएस. भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. त्यातील संगणक मागच्या चाकांना किती दाब द्यायचा ते ठरवितो आणि हे ठरविताना मागे मूळ ड्रम आहेत असे धरून चालतो. ड्रम जाऊन डिस्क आली हे त्याला कोणी सांगत नाही. सेन्सर आणि त्याची दातेरी रिंग नीट बसली नाही तर डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दिवा लागू नये म्हणून वायर कापणारे महाभाग असतील, तर त्यांनी या धंद्यात न राहिलेले बरे.

आधी आहे ते दुरुस्त करा

मग ब्रेक धरत नाही म्हणून आलेल्या गिऱ्हाइकाला काय द्यावे? आमच्या मते पुढील क्रमाने जावे.

पहिले टायर. गाडी थांबते ती शेवटी टायरच्या पकडीवर. गुळगुळीत किंवा वयाने कडक झालेल्या टायरवर जगातील सर्वोत्तम ब्रेकही निरुपयोगी आहे.

दुसरे ब्रेक ऑइल. डॉट-३ प्रतीचे ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सियसला उकळते. हवेतील ओलावा शोषून घेतल्यावर हीच मर्यादा १४० पर्यंत खाली येते. डॉट-४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पुढे चार महिने पावसाची दमट हवा. तेल उकळले की पाइपात वाफ होते आणि पेडल फरशीला टेकते. बहुतेक कारखाने दोन वर्षांनी तेल बदलायला सांगतात. किती गाड्यांचे बदलले जाते, हे ज्याने त्याने आपल्या गॅरेजात पाहावे. तेल बदलून, कारखान्याने सांगितलेल्या क्रमाने हवा काढली, तरी अनेक गाड्यांचे पेडल सुधारते.

तिसरे पुढचे ब्रेक. तीन चतुर्थांशांहून अधिक काम तेथे होते, म्हणून पैसाही आधी तेथेच खर्च व्हावा. चांगले पॅड, सरळ डिस्क, न अडकणाऱ्या कॅलिपर पिन आणि फुगलेले रबरी पाइप बदलणे, एवढ्याने गाडीत फरक पडतो.

चौथे मागचे ड्रम. येथेच आपल्या कारागिरीची कसोटी आहे. ऑटो अॅडजस्टर गंजून बसलेले असतात, व्हील सिलिंडरचे रबर झिरपत असते, शूवर तेल आलेले असते. ड्रमवर त्याचा कमाल व्यास ओतलेला असतो. त्यापलीकडे लेथवर कातलेला ड्रम पुन्हा बसवू नये. लायनरच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरांचा घर्षणाचा संकेत असतो. पहिले अक्षर थंड अवस्थेतील आणि दुसरे गरम अवस्थेतील पकड सांगते. ‘ई’पेक्षा ‘एफ’ आणि ‘एफ’पेक्षा ‘जी’ची पकड जास्त. मागे जास्त पकडीचा लायनर आणि पुढे कमी पकडीचा पॅड, अशी उलटी जोडी लावू नये. कारण वर सांगितलेच आहे.

ही चार कामे नीट झाल्यावर शंभरातील बहुतेक गिऱ्हाइकांना डिस्कची आठवणही राहणार नाही. ज्याची गाडी खरोखर शर्यतीच्या मैदानावर जाते, त्याची गोष्ट वेगळी. त्याने जुळलेला पूर्ण संच आणावा, यंत्रावर चाचणी द्यावी आणि मगच गाडी मैदानात न्यावी.

चाचणी कशी घ्यावी

ब्रेकचे काम केल्यानंतर गल्लीत एक फेरी मारून गाडी देणे पुरेसे नाही. चाके हवेत उचलून हाताने फिरवून पाहावीत. थोडे अंतर चालवून डाव्या-उजव्या बाजूची उष्णता सारखी आहे का ते पाहावे. हँडब्रेक उतारावर तपासावा. काही मिस्त्री मोकळ्या मैदानात खडीवर कमी वेगाने ब्रेक दाबून कोणते चाक आधी जाम होते ते पाहतात. मागचे आधी झाले तर काम बिघडले, हे निश्चित. पण पुढचे आधी झाले म्हणून काम बरोबर, असे मात्र नव्हे. खडीवर गाडी हळू थांबते, वजन पुढे कमी सरकते आणि मागच्या चाकावर भार राहतो. खरी परीक्षा कोरड्या डांबरावर कडक ब्रेक लागतो तेव्हा असते आणि ती रस्त्यावर घेणे धोक्याचे आहे. त्यासाठी प्रत्येक चाकाचे बळ मोजणारे रोलरचे यंत्र हवे.

हे यंत्र एका लहान गॅरेजला परवडणारे नाही, हे आम्ही जाणतो. पण मोमिनपुरा असो, सदर असो की कामठी रोड, दहा-पंधरा गॅरेजवाल्यांनी मिळून एक यंत्र घेतले, तर ब्रेक तपासणी हाच एक स्वतंत्र धंदा होऊ शकतो. उन्हाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा तपासणी, आणि हातात छापील आकडे. समृद्धीने मुंबईकडे कुटुंब घेऊन निघालेला माणूस त्यासाठी आनंदाने पैसे देईल. आमच्या मते मागच्या डिस्कपेक्षा या कामात कमाई जास्त टिकाऊ आहे.

कायदा काय म्हणतो

गाडीच्या नोंदणी पुस्तकात ब्रेकचा रकाना नाही, मग कायद्याचा संबंध काय, असे काही जण विचारतात. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीत मनाप्रमाणे फेरफार करण्यास मनाई करते. कारखान्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. ब्रेक कसे असावेत हे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम ९६ मध्ये दिले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. त्यात परवानगी नसलेल्या फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. सुटे भाग विकणाऱ्या व्यापाऱ्यांसाठीही त्यात इशारा आहे. सरकारने सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणून अधिसूचित केलेला भाग नियमाप्रमाणे नसताना विकला, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही. नामांकित कंपनीच्या डब्यात भलताच माल भरून विकणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

तेव्हा गिऱ्हाइकाने डिस्कचा आग्रहच धरला, तर प्रथम त्याला आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करायला सांगावे. लेखी होकार आणला तर काम विचारात घ्यावे. नाही आणला तर काम घेऊ नये. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस गाडी उघडून पाहतो, तेव्हा बोट मिस्त्रीकडेच वळते.

गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल

यावर आपले कारागीर बंधू म्हणतील, आम्ही नाही म्हटले तर तो शेजारच्या गॅरेजात जाईल. जाईल. काही वेळा जाईलच. पण हा हिशेब एका कामाचा धरू नये. ब्रेकचे काम म्हणजे गिऱ्हाइकाने आपल्या घरच्या माणसांचा जीव तुमच्या हातात दिलेला असतो. ज्या उस्तादाने एकदा कारण समजावून सांगून नाही म्हटले, त्याच्याकडे तोच माणूस पुढे बापाची आणि भावाची गाडी घेऊन येतो. काम घेतले तर कामाची लेखी पावती द्यावी, बदललेले भाग कोणत्या कंपनीचे ते लिहावे, जुने भाग पिशवीत घालून परत द्यावेत. यात खर्च कागदाचा आहे आणि कमाई विश्वासाची.

शेवटी एक गोष्ट कारागिरांच्या स्वतःच्या जिवाची. ड्रम उघडल्यावर आतली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडविण्याची सवय अनेक गॅरेजांत आहे आणि हे काम बहुधा सर्वांत लहान शागिर्दाला दिले जाते. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. त्याच्या धुळीने कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे, आणि रोग दिसायला वीस-तीस वर्षे लागतात. ड्रम ओल्या फडक्याने किंवा पाण्याने भिजवून पुसावा, हवा मारू नये, मुलांना मास्क द्यावा. याला पैसा लागत नाही.

मोटारीला वेग देणारे अनेक आहेत. ती वेळेवर आणि सरळ थांबवून देणारे हात ज्या गॅरेजात आहेत, त्या गॅरेजाला नागपुरात कामाची ददात पडणार नाही. त्यासाठी मागच्या चाकात डिस्क चमकलीच पाहिजे असे नाही. आतला शू, सिलिंडर आणि तेल नीट असले म्हणजे पुष्कळ झाले.